गणपती बघायला मुंबईला

भाद्रपद लागायच्या सुमाराला मुंबईत माणसांचे दोन लोंढे उलट्या दिशांनी वाहू लागतात. एक लोंढा शहराबाहेर पडतो. परळ, लालबाग, गिरगाव, भांडुप, जिथे जिथे कोकणी माणूस आहे तिथून तो एसटीच्या जादा गाड्यांना आणि कोकण रेल्वेच्या गणपती स्पेशलला लटकून गावाकडे धावतो, कारण त्याचा गणपती गावच्या घरी बसतो. दुसरा लोंढा चार-सहा दिवसांनी शहरात शिरतो. तो सातारा-सांगलीकडून येतो, कोल्हापूर, नगर, सोलापूरहून येतो. घरच्या गौरी बोळवल्या, शेतात भुईमूग अजून काढणीला आलेला नाही, हाताला चार दिवसांची सवड आहे. चला, मुंबईचे गणपती बघून येऊ!

पहिल्या लोंढ्याबद्दल वर्तमानपत्रांत दरवर्षी रकानेच्या रकाने छापून येतात. किती गाड्या सोडल्या, महामार्गावर खड्डे किती, टोल माफ की नाही. दुसऱ्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. मी मात्र या दुसऱ्या लोंढ्याची हक्काची यजमानीण आहे आणि ही यजमानकी पन्नास वर्षांची आहे.

१९७४ साली लग्न होऊन मी कोरेगाव तालुक्यातून परळच्या चाळीत आले. दहा बाय बाराची खोली. सासरे गिरणीत साचेखात्यात, दीर बदली कामगार, आणि सासूबाई चार गाळेवाल्यांना जेवण करून घालणाऱ्या. त्या वर्षी गौरी गेल्यावर माझ्या माहेरची आणि सासरची मिळून अकरा माणसे दारात उभी राहिली. मी नवी नवरी, घाबरून गेले. आम्हीच घरात सहा. झोपायचे कुठे? सासूबाईंनी काहीही न बोलता शेल्फावरच्या डब्यातून एक किल्ली काढून माझ्या हातात दिली. शेजारच्या मालवणी काकूंच्या खोलीची. काकूंचा गणपती अकरा दिवसांचा, कणकवलीकडचा. निघताना त्या किल्ली देऊन बजावून जायच्या, "चावी तुज्याकडे ठेवतंय गो, तुळशीक पाणी घाल हां." तुळशीला पाणी घालणे हे निमित्त. आमच्याकडे माणसे येणार आणि त्यांना जागा लागणार, हे काकूंना पक्के ठाऊक असायचे. परत येताना त्या नारळ आणि गावठी काकड्या आणायच्या, आम्ही त्यांच्या डब्यात शेंगदाणे आणि घेवडा भरून ठेवायचो. हिशेब पुरा!

त्या मजल्यावर वीस खोल्या होत्या आणि गणपतीत त्यांतल्या सात-आठ तरी बंद असायच्या. म्हणजे नुसत्या बाहेरून बंद. आत कोणाचे तरी साताऱ्याचे मामा, कोणाची तरी इस्लामपूरची नणंद घोरत असायची. एवढ्या दाटीच्या शहरात पाहुण्यांना जागा कुठून मिळते, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. ती अशी मिळायची. कोकणाने रिकामी केलेली मुंबई देशावरच्या माणसांनी भरायची.

पाहुणे दिवसा फारसे बाहेर पडत नसत. राणीचा बाग, गेट वे, म्हातारीचा बूट हे सगळे मे महिन्यातल्या पाहुण्यांचे. गणपतीतल्या पाहुण्यांचा कार्यक्रम रात्रीचा. संध्याकाळी पंगती उठायच्या, भांडी व्हायची, मुलांना मुद्दाम दोन तास झोपवायचे आणि रात्री अकराच्या पुढे निघायचे. आम्हा बायकांना तर दुसरी पाळी सुटून आलेल्या पुरुषांची ताटे वाढून झाल्यावरच चप्पल पायात घालता यायची. साडेबारा, कधी एक. आणि मग आम्ही चालायचो.

आज सांगितले तर नातींना खरे वाटत नाही. बारा-पंधरा बायका, कडेवर मुले, कोणाच्या पिशवीत चकल्या, कोणाच्या हातात पाण्याची बाटली, रात्री दीड वाजता मुंबईच्या रस्त्यावरून मोठमोठ्याने बोलत चालल्या आहेत. गावाकडे दिवेलागणीनंतर वेशीबाहेर पाऊल न टाकणारी माझी चुलती इथे रात्री दोनला फुटपाथवर फतकल मारून भुट्टा खायची. वर्षातले उरलेले दिवस आम्हालाही रात्री दहानंतर नाक्यावर जायची सोय नव्हती. या दहा रात्रींत मात्र रस्ता आमचा असायचा. दिवे होते, माणसे होती, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बिल्ला लावलेली चार पोरे उभी होती आणि ती पोरे कोणाची तरी ओळखीची होती. मला विचाराल तर मुंबईने आपल्या पाहुण्यांना दिलेली मोठी भेट हीच. मूर्तीची उंची आणि रोषणाई त्यानंतरची.

बघण्यासारखे काय असायचे? आधी देखावे. आजच्या मुलांना देखावा म्हणजे मूर्तीमागची सजावट वाटते. त्या वेळी देखावा म्हणजे दहा मिनिटांचे नाटक असायचे. पडद्याआड पुतळे. पुढे पन्नास-साठ माणसांचा घोळका जमला की दिवे मालवायचे, पडदा सरकायचा आणि कर्ण्यातून खर्जातला आवाज यायचा. अफझलखान वाघनखांनी कोसळायचा. श्रावणबाळाची कावड हलायची. रामाचा बाण सुटायचा आणि रावणाचे एक डोके उडायचे; ते एका तारेला बांधलेले असायचे, पडदा पडल्यावर मागे ओढून परत बसवायचे. महागाईवर, हुंड्यावर, दारूवरही देखावे असत. हुंड्याच्या देखाव्यातली सासू इतकी हुबेहूब असायची की बायका एकमेकींना कोपर मारून हसायच्या. खेळ संपला की घोळका पुढे, नवा घोळका आत. तिकीट नाही, रांग नाही, ओळखपाळख नाही. पेटीत चार-आठ आणे टाकले तर टाकले.

मग सिनेमा. रस्त्यावर आडवा पांढरा पडदा बांधून भिंतीएवढे चित्र दाखवायचे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसायची. मागून बसणाऱ्याला पाटी उलटी दिसायची आणि नायक डावरा. माझे मामेसासरे म्हणायचे, मागून बघावा, गर्दी कमी आणि गोष्ट तीच. मध्येच एखाद्या गल्लीत ऑर्केस्ट्रा, एखाद्या चाळीच्या पटांगणात शक्ती-तुऱ्याची डबलबारी, कुठे बायकांच्या पाककृतींच्या स्पर्धा. सगळे काही चांगले असायचे असे मी म्हणणार नाही. काही ऑर्केस्ट्रे कानाला असह्य होते, आणि रात्रभर कर्णा चालू असलेल्या खोलीत आजारी माणूस असला की काय हाल होतात तेही मी पाहिले आहे. रात्रीच्या कर्ण्याला पुढे कायद्याने आळा बसला ते बरेच झाले. त्या नियमाबरोबर रात्रीचा सिनेमाही गेला. त्याची चुटपुट वाटते, एवढेच.

या चालण्याला एक क्रम असायचा आणि त्या क्रमात पाहुण्यांना शहर कळत जायचे. आधी गिरणगाव. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२०चा, गणेशगल्लीचे मंडळ १९२८चे, त्याच्या जवळच लालबागचा राजा, १९३४चा. ही सारी मंडळे हाकेच्या अंतरावर. गणेशगल्लीने १९७७ साली, सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, २२ फुटी मूर्ती उभी केली तेव्हा आम्ही पाहुण्यांसकट माना उंचावून बघत राहिलो होतो. इतका मोठा गणपती तोवर आम्ही पाहिलाच नव्हता. पुढे त्या गल्लीत दरवर्षी देशातल्या कुठल्या ना कुठल्या मोठ्या मंदिराची प्रतिकृती उभी राहू लागली. ज्यांना काशी-रामेश्वर घडणार नव्हते त्यांनी ती मंदिरे लालबागेत, बांबू, प्लायवूड आणि रंगाची का होईना, पाहिली. माझी सासू त्यांना नमस्कार करताना आधी चप्पल काढायची. देव खरा की प्लायवूडचा असा प्रश्न तिला पडला नाही.

दुसऱ्या रात्री गिरगाव. तिथे गेले की पाहुण्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसायची, कारण गिरगावातला मानाचा गणपती अगदी लहान. खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली, म्हणजे लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक उत्सवाचा पुकारा केला त्याच वर्षी, मुंबईतल्या या उत्सवाची सुरुवात झाली. १९०१ साली लोकमान्य स्वतः या चाळीत आले होते. मूर्ती शाडूची, घरच्या गणपतीएवढी. विसर्जनाला निघते ती पालखीतून. ना रोषणाईचा झगमगाट, ना कर्णे. पण दोन चाळींमधल्या त्या अरुंद बोळात उभे राहिले की कळते, उत्सव मुळात केवढ्या जागेसाठी होता. चाळीतली माणसे एकत्र बसू शकतील एवढ्या. तिथून निकदवरी लेनमध्ये जायचे. तिथली मूर्ती मात्र चांगली उंच आणि तीही शाडूचीच. मग खेतवाडी. खेतवाडीच्या गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक नंबराला एक गणपती. पाहुणे मोजत जायचे. माझा भाचा दहावीत गणितात नापास झाला होता, पण खेतवाडीत त्याची मोजणी कधी चुकली नाही.

लालबागच्या राजाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी, कारण आज पाहुणा मुंबईत येतो तो बहुधा त्याच्याचसाठी.

१९३२ साली लालबागच्या पेरू चाळीच्या जागेवर भरणारा बाजार बंद झाला. कोळणी आणि लहानसहान विक्रेते उघड्यावर आले. जे मिळेल ते डोक्यावर घेऊन बसायचे, हाकलले की उठायचे. कायमच्या बाजारासाठी त्यांनी गणपतीला साकडे घातले. पुढे खटपटी झाल्या, जागा मिळाली, आणि त्या नवसाची फेड म्हणून १२ सप्टेंबर १९३४ रोजी तिथे गणपती बसला. नवसाला पावणारा ही त्याची ख्याती तेव्हापासूनची. मला या कथेत आवडते ते हे की तो पहिला नवस कोणा एकट्यादुकट्याचा नव्हता. कोणी मुलगा मागितला नव्हता, कोणी नोकरी मागितली नव्हती. शे-दोनशे माणसांनी मिळून बसायला जागा मागितली होती. बाजार आजही तिथेच आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकात आम्ही या राजापुढून जाता-जाता हात जोडायचो. खरोखर जाता-जाता. गर्दी असायची, पण ती सरकत राहायची, आणि पाच-दहा मिनिटांत आम्ही पुढच्या गल्लीत असायचो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी संपलाच नाही असे इथले लोक म्हणतात, ते खोटे नाही. सासऱ्यांची गिरणी उघडली, पण सासरे आत गेले नाहीत. त्या वर्षी आमच्याकडे पाहुणे आले नव्हते. आम्हीच म्हणून कळवले नव्हते, तरी त्यांना गावात बसून समजले होते. वर्गणीही निम्म्यावर आली, पण गणपती बसला. लोकांनी कर्ज काढून बसवला.

त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरणगाव बदलले ते आपण सगळे जाणतो. चिमण्या पडल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. गंमत अशी की माणसे बदलापूर-विरारला गेली तशी मंडळे मात्र मोठी होत गेली. दूरचित्रवाहिन्या आल्या, नटनट्या दर्शनाला येऊ लागल्या आणि सबंध महाराष्ट्राला एकाच गणपतीचा चेहरा रात्रंदिवस घरबसल्या दिसू लागला. मग रांग आली. रांगाही दोन: चरणस्पर्शाची ती नवसाची, आणि लांबून दर्शन घ्यायची ती मुखदर्शनाची. मुखदर्शनाला काही तास लागतात; नवसाच्या रांगेत माणसे रात्रच काय, सबंध दिवसही काढतात. श्रद्धेबद्दल मला बोलायचे नाही. ज्याची आहे त्याने जरूर उभे राहावे. पण पाहुणा म्हणून येणाऱ्या माणसाचे काय होते ते मी पाहते. तो सकाळी येतो, बांबूंच्या आडोशात शिरतो, पुढच्याची पाठ बघत तास काढतो, दोन सेकंद पायांवर डोके ठेवतो न ठेवतो तो कोणीतरी दंड धरून पुढे काढतो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. मुंबईला जाऊन आलो म्हणतो. त्याने मुंबईचा एक बांबू पाहिलेला असतो.

२०२४च्या गणपतीत माझी मावशी आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जिद्द मात्र शाबूत. बरोबर तिचा नातू, कॉलेजात शिकणारा. आमची चाळ पाडून त्याच जागी टॉवर झाला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर असतो. मावशीला खाली फाटकावर पाच मिनिटे थांबावे लागले. रखवालदार फोनवर माझी परवानगी येईपर्यंत तिला आत सोडीना. वर आल्यावर ती म्हणाली, "तुज्या घराला आता पुजारी ठेवलाय व्हय गं?"

चहा पिता पिता तिने जाहीर केले की तिला नवसाच्या रांगेत उभे राहायचे आहे.

"मावशी, किती तास लागतील माहीत आहे का तुला? तुझे गुडघे बघ."

"माजं गुडघं मी बगीन. गावातल्या समद्या बाया इचारत्यात, राजाच्या पायावर डोकं ठिवलंस का म्हनून. टीव्हीवर दावत्यात नव्हं."

"अगं, तू तर त्याला तीस वेळा पाहिलंयस."

"तवा कुटं रांग व्हती? तवा आपन गनपती बगाय जायचो, आन् वाटंत राजा लागायचा."

एवढे बोलून ती स्वतःच गप्प झाली. मीही काही बोलले नाही. नातू फोनमध्ये डोके घालून कोणाच्या तरी ओळखीने पास मिळतो का ते बघत होता. पास म्हणजे रांग चुकवून आत. हे पासांचे प्रकरण मला मुळीच मान्य नाही. ज्या उत्सवात सगळे एका रांगेत उभे राहतात म्हणून त्याला सार्वजनिक म्हणायचे, त्यात ओळखीची वेगळी वाट कशाला? एका मोठ्या मंडळात कडेवर तान्हे मूल घेतलेली बाई सहा तास उभी आणि मागच्या दाराने गाडीतून उतरलेले सूट-बूट दोन मिनिटांत पुढे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मावशीने नातवाला सांगितले, "पास नगं. देवाच्या दारात वळकीनं जायाचं म्हंजी चोरी."

शेवटी तिनेच तोड काढली. मुखदर्शन घ्यायचे, तेही आडवारी, पहाटे चारला. आणि त्याच्या आधीची रात्र जुन्या पद्धतीने काढायची. मी साठी केव्हाच ओलांडलेली, ती अठ्ठ्याहत्तरची, आणि सोबत एक कंटाळलेला मुलगा. रात्री साडेअकराला आम्ही निघालो.

काय सांगू, रात्र अजून आहे! लोक समजतात तशी ती संपलेली नाही. मोठ्या मंडळांच्या रांगा सोडून आडगल्ल्यांत शिरले की लहान लहान मंडळे जागी असतात. देखावे कमी झाले आहेत, कारण खर्च परवडत नाही आणि प्रायोजकाला कमानीवर फलक लावण्यातच रस असतो. कमानीवर इतके फलक आणि इतक्या पुढाऱ्यांची तोंडे असतात की गल्लीचे नाव शोधावे लागते. तरीही करी रोडच्या बाजूला एका गल्लीत आम्हाला हलता देखावा सापडला. पोरांनी जुन्या पंख्याच्या मोटारी लावून पुतळे हलवले होते. बंद गिरणी, बाहेर डबा घेऊन उभा कामगार, त्याचा हात वर-खाली होतो आहे. बाकी काही नाही. मावशीला उभे राहवत नव्हते हे बघून मंडळाच्या एका मुलाने आतून खुर्ची आणली, दुसऱ्याने चहा. "आजी, कुठनं आलात?" तिने गाव सांगितले. "आमचे आजोबा वाठारचे," तो म्हणाला. वाठार आमच्याच तालुक्यातले. मग त्यांच्या आजोबांची आडनावे, भावक्या, कोण कोणाचा कोण लागतो हे निघाले आणि अर्धा तास गेला. नातवाने फोन खिशात ठेवला होता. तो त्या पोरांबरोबर मोटारी बघायला मागे गेला आणि मावशीला उठवायला आला तो हाताला वंगण लावूनच.

पहाटे चारच्या मुखदर्शनाला आम्हाला अडीच तास लागले. मावशीने लांबून हात जोडले. काय मागितले ते तिने सांगितले नाही. सकाळी चिवडा गल्लीत जाऊन तिने पाव-पाव किलोच्या सात पुड्या घेतल्या, मसाल्याच्या दुकानात लवंगा हातात घेऊन वास घेतला, भावाबद्दल घासाघीस केली आणि घरी येऊन दुपारपर्यंत गाढ झोपली.

तुमच्याकडे पाहुणे येणार असतील तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. शनिवार-रविवार आणि शेवटचे दोन दिवस टाळा. गौरी-विसर्जनानंतर मध्ये येणारे आडवार उत्तम. गिरगाव सकाळी करा. चर्नी रोड स्टेशन जवळ आहेच, आणि ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो थेट गिरगावपर्यंत येते; आरे-अंधेरीकडच्या यजमानांची मोठीच सोय झाली. माटुंग्याला किंग्ज सर्कलचा जीएसबी मंडळाचा गणपती पाच दिवसांचाच असतो, हे विसरून माणसे सातव्या दिवशी जातात आणि मोकळा मंडप बघून परत येतात. त्याच्या अंगावरच्या सोन्याचांदीची फार चर्चा होते (२०२३ साली मंडळाने काढलेला विमा ३६० कोटींच्या वर होता!), पण मला तिथली पंगत अधिक आवडते. केळीच्या पानावर, ओळीने बसून, कोण कुठला हे न विचारता. मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. फोन पाहुण्यांच्या हातात असला तरी ठेवा; त्या गर्दीत फोन लागत नाही. सोने घरी. चपला जुन्या. आणि जेवण घरून करूनच निघायचे असेल तर स्वयंपाकघरातल्या बाईला एकटीला मागे ठेवून जाऊ नका. ओटा सकाळी आवरता येतो.

विसर्जन बघायचा पाहुण्यांचा हट्ट असतोच. लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन चौपाटीवर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गर्दी हे एक कारण. दुसरे म्हणजे त्या दिवसांत किनाऱ्याच्या पाण्यात पाकट आणि जेलीफिश येतात. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटाचे डंख झाले होते आणि तेव्हापासून पाण्यात उतरू नका अशा सूचना वरचेवर दिल्या जातात. त्यापेक्षा लालबागेतच सकाळी जागा धरावी. श्रॉफ बिल्डिंगपाशी मिरवणूक आली की वरून फुलांचा पाऊस पडतो. तो बघण्यासाठी माणसे तास न् तास उन्हात उभी असतात आणि पाच मिनिटांत सगळे होऊन जाते. रस्त्यावर पडलेल्या पाकळ्या घरी नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आमच्याकडेही एका जुन्या पंचांगात सापडतील.

२०२० साली टाळेबंदीत यातले काहीच नव्हते. सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा होती आणि लालबागच्या राजाची तर मूर्तीच बसली नाही. मंडळाने त्याऐवजी रक्तदान आणि आरोग्याचे उपक्रम केले. त्या रात्री मी एकोणिसाव्या मजल्यावरून खाली पाहिले. रस्त्यावर दिवे होते, माणूस नव्हता. मावशीचा गावाहून फोन आला, "यंदा कोन न्हाई ना गं तुज्याकडं? करमतंय का?" मी म्हटले, करमतंय. आणि नेहमीच्या सवयीने सकाळी जास्तीची कणीक मळून ठेवली होती ती तीन दिवस पोळ्या लाटून संपवली.

काही पाहुण्यांना उशीर होतो. रजा मिळत नाही, गाडी चुकते, घरात काही निघते आणि अनंत चतुर्दशी हातची जाते. त्यांनीही नाराज व्हायचे कारण नाही. अंधेरीच्या आझादनगरात १९६६ साली बसलेला अंधेरीचा राजा चतुर्दशीला निघत नाही, पुढच्या संकष्टीला निघतो. तो वर्सोव्याच्या समुद्रावर पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. ज्या भागातल्या कारखान्यांच्या कामगारांनी तो बसवला ते कारखाने आज नाहीत, गणपती आहे. एका वर्षी मावशी गाडी चुकल्यामुळे दोन दिवस उशिरा पोहोचली, तर तेवढ्यासाठी संकष्टीपर्यंत राहिली होती. काकू तोवर कणकवलीहून परत आलेल्या. त्यांच्या खोलीत त्या रात्री दोघी शेजारी-शेजारी झोपल्या, एकीला दुसरीची भाषा अर्धीच कळत होती, आणि पहाटेपर्यंत भिंतीपलीकडून आम्हाला त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता.